तोंडात पिल्ले सांभाळणारा बाप

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटाच्या पूर्व अंगाला बांगाई नावाचा एक द्वीपसमूह आहे. मुलांच्या शाळेतल्या नकाशात तो शोधायला गेलात तर बहुधा सापडणार नाही. सापडलाच तर एका बोटाखाली सगळी बेटे झाकली जातील. या बेटांच्या उथळ, शांत खाड्यांमध्ये एक मासा राहतो आणि मुळात तो जगात तेवढ्याच ठिकाणी आहे. लांबी सहा-सात सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या बोटाएवढी. अंग चांदीसारखे, त्यावर तीन काळे उभे पट्टे. त्यातला एक थेट डोळ्यातून खाली उतरलेला. पर लांब आणि टोकदार, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली, आणि या काळ्या परांवर पांढरे ठिपके, जणू काळ्या ओढणीवर कुणी सावकाश बसून टिकल्या शिवल्या आहेत. शास्त्रीय नाव टेरापोगॉन कौडर्नी. शोभेच्या माशांच्या बाजारात त्याला बांगाई कार्डिनल म्हणतात. इंडोनेशियन भाषेत तो चापुंगान, आणि बेटावरच्या बोलीत बेबेसे.

देखणा तर तो आहेच. त्याच्या रूपापायीच त्याच्यावर संकट आले, ते पुढे सांगणारच आहे. पण आधी त्याच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तो देखणा नसता तरीही ती सांगण्यासारखी होती.

या माशात अंडी आणि पिल्ले सांभाळण्याचे काम बापाकडे असते, आणि तो ती आपल्या तोंडात सांभाळतो.

जोडी जमवण्यात पुढाकार मादीचा असतो. एखादा नर निवडून ती त्याच्या जवळ येते, अंगाला अंग लावून थरथरते, आणि दोघे कळपापासून थोडे बाजूला होऊन आपली एक जागा धरतात. दुसरा मासा तिथे डोकावला की ही जोडी त्याला हुसकून लावते. मग ती अंड्यांचा एक घोस बाहेर टाकते आणि नर पापणी लवायच्या आत तो तोंडात घेतो. ही अंडी बारीक धाग्यांनी एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे घोस विस्कटत नाही. एका खेपेला चाळीस-पन्नास अंडी, क्वचित नव्वदपर्यंत. संख्या ऐकून जास्त वाटेल, पण समुद्रातल्या हिशोबाने ही अगदीच थोडी आहेत. तिथे हजारांनी आणि लाखांनी अंडी सोडणारे मासे असतात. फरक अंड्याच्या आकारात आहे. इतर बहुतेक प्रवाळी माशांचे अंडे खसखशीच्या दाण्याएवढे, तर बांगाईच्या माशाचे साबुदाण्याएवढे. थोडी मुले, पण प्रत्येकासाठी भरलेला डबा, असा हा संसार. निकलास कोल्म या स्वीडिश संशोधकाने या माशांचा अभ्यास केला, तेव्हा एक गोष्ट दिसली: जोडीदार अंगापिंडाने मोठा असला तर मादी अंडीही मोठी घालते.

अंडी तोंडात गेली की नराचे खाणे बंद. जबडा फुगलेला, गाल ताणलेले, आणि मधून मधून तो तोंड किंचित उघडून घोस आतल्या आत फिरवतो, म्हणजे सगळ्या अंड्यांना ताजे पाणी मिळते. सुमारे वीस दिवसांनी अंडी फुटतात. कार्डिनल जातीचे इतर मासेही तोंडात अंडी धरतात, पण अंडी फुटली की त्यांचे काम संपते. डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी ती पिल्ले समुद्राच्या हवाली होतात. बांगाईचा बाप मात्र तोंड उघडत नाही. पिल्ले आणखी आठ-दहा दिवस आतच राहतात. त्यांच्या पोटाला अंड्यातला बलक लागलेला असतो, त्यावर ती वाढतात. तोंडाच्या कडेशी कधी कधी इवल्या डोळ्यांची रांग दिसते. बाहेर पडतात तेव्हा ती आईबापांची हुबेहूब प्रतिकृती असतात, तीन काळे पट्टे आणि लांब पर यांच्यासकट. फक्त लांबी सेंटीमीटरभरही नसते.

हे सगळे मिळून जवळजवळ महिनाभर चालते. महिनाभर उपाशी म्हटले की आपल्या मनात लगेच रमजान येतो. माशाच्या उपाशीपणाला रोजा म्हणणे काही बरोबर नाही, कारण रोज्याला नियत लागते आणि नियत माणसाची असते. पण एवढे खरे की आपल्याला संध्याकाळी इफ्तार असतो. या बापाला इफ्तारही नाही आणि सहरीही नाही.

चित्र फार गोड होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सगळेच नर शेवटपर्यंत तग धरतात असे नाही. काही जण मध्येच अंडी गिळून टाकतात. अशक्त नर, नुकतीच जमलेली जोडी, जवळपास गडबड, अशी कारणे त्यामागे असतात. आणि पिल्ले एकदा बाहेर पडली की ओळखपाळख संपते. आजूबाजूचे मोठे मासे, अगदी त्यांच्याच जातीचे, त्या पिल्लांना खातात. म्हणून तोंडातून सुटलेल्या पिल्लाची पहिली धाव आडोशाकडे असते. तो आडोसा कोणता, हे पाहण्यासारखे आहे.

काट्यांचे घर

बांगाईच्या खाड्यांमध्ये पाणी दीड-दोन मीटर खोल असते तिथे, प्रवाळाच्या आणि समुद्री गवताच्या अध्येमध्ये, सी अर्चिन नावाचे काळे गोळे पसरलेले असतात. साळिंदर गुंडाळून बसावे तसा हा प्राणी. त्याचे काटे सुईसारखे बारीक आणि शरीराच्या कितीतरी पट लांब. पायात घुसला तर काटा आत मोडतो आणि दिवसभर ठणकतो. त्या काट्यांच्या मधोमध हे मासे राहतात. दिवसा कळप अर्चिनच्या वर तरंगत बारीकसारीक जीव टिपत असतो. सावली पडली, काही हलले, की सगळे एकदम काट्यांत शिरतात. अंगावरचे काळे उभे पट्टे काट्यांच्या रेषांत इतके मिसळून जातात की आत काही आहे हे समजतच नाही. लहान पिल्ले अर्चिनमध्ये तर राहतातच, पण समुद्रफुलाच्या विखारी भुजांमध्येही आसरा घेतात.

एकदा जागा ठरली की हा मासा ती सहसा सोडत नाही. तोच खडक, तेच अर्चिन, तोच कळप. अर्चिन सरकले तर कळप त्यांच्याबरोबर सरकतो, एवढाच काय तो प्रवास.

आता या संसाराची किंमत पाहा. बहुतेक प्रवाळी माशांची पिल्ले जन्मल्यावर काही आठवडे उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत जातात. त्यातली बहुतेक मरतात. पण जी वाचतात ती दूरच्या खडकावर जाऊन वस्ती करतात. एखाद्या खाडीतले मासे संपले तरी वाहत आलेल्या पिल्लांनी ती खाडी पुन्हा भरते. बांगाईच्या माशात हा वाहण्याचा काळच नाही. पिल्लू बापाच्या तोंडातून निघते ते थेट त्याच खडकावर. मध्ये खोल पाण्याची एक पट्टी आली की ती त्याच्यासाठी महासागर. म्हणूनच दोन-पाच किलोमीटर अंतरावरच्या खडकांवरचे मासेही वंशाने एकमेकांपासून वेगळे निघाले. जनुकांच्या तपासणीत हे २००४ आणि २००५ मध्ये दिसून आले, आणि समुद्री माशांमध्ये इतक्या जवळच्या अंतरावर असा वेगळेपणा क्वचितच आढळतो. याचा सरळ अर्थ असा की एका खाडीतला कळप संपवला, तर शेजारच्या खाडीतून कुणी येऊन ती जागा भरून काढील अशी आशा फारशी ठेवता येत नाही.

त्यातून जागाही किती? द्वीपसमूहाचा सगळा पसारा काही हजार चौरस किलोमीटरांचा, पण माशाला राहण्याजोगे उथळ पाणी चौतीस चौरस किलोमीटरांहून जास्त नाही असा २००७ मधला अंदाज होता. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे. ते शंभर चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. त्याच्या एक तृतीयांशाएवढी ही माशाची सगळी दुनिया, आणि तीही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली.

नाव दिले आणि विसरले

वॉल्टर कौडर्न नावाचे स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात सुलावेसीत हिंडत होते. १९२० मध्ये त्यांनी बांगाईला या माशाचे नमुने गोळा केले. ते पुढे हॉलंडमधले मत्स्यतज्ज्ञ कौमान्स यांच्या हाती आले, आणि १९३३ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून कौडर्न यांचे नाव त्याला दिले. त्याच्या कुळाचे नाव अपोगॉन या जुन्या नावावरून आले आहे, ज्याचा ग्रीक अर्थ ‘बिनदाढीचा’. काही माशांच्या हनुवटीला दाढीसारख्या मिशा असतात, याला नाहीत, एवढेच त्याचे कारण. पुढे ‘पंख’ या अर्थाचा शब्द जोडला, तेव्हा आपल्या माशाचे पूर्ण नाव झाले ‘कौडर्नचा पंखवाला बिनदाढी’.

नाव मिळाले आणि मासा बाटलीत पडून राहिला. साठ वर्षे कुणी त्याची विचारपूस केली नाही. बांगाईचे लोक तो रोज पाहत होते, पण खायला तो उपयोगाचा नाही, इतका बारीक. म्हणून त्यांनीही त्याला सुखाने राहू दिले. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात राहणारे मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड अ‍ॅलन तिथे पोहोचले. त्यांनी माशाचा तपशील लिहिला, छायाचित्रे प्रसिद्ध झाली, आणि अमेरिकेतल्या शोभेच्या माशांच्या शौकिनांनी ती पाहिली. माझ्या मते या माशाच्या आयुष्यातली सर्वांत वाईट घटना हीच, आणि तीत कुणाचाही वाईट हेतू नव्हता.

त्यानंतरची वाढ थक्क करणारी आहे. २००१ च्या सुमारास बांगाईतून दरवर्षी सहा ते सात लाख मासे पकडून बाहेर जात होते, आणि पुढच्या काही वर्षांत हा अंदाज नऊ लाखांपर्यंत चढला. या माशाचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या अलेहांद्रो वाजेली यांनी २००७ मध्ये सगळ्या जंगली माशांची संख्या चोवीस लाखांच्या घरात सांगितली. चोवीस लाखांतून वर्षाला नऊ लाख, हा हिशोब घरातल्या बरणीतल्या तांदळालाही परवडणार नाही.

पकडणे तर फारच सोपे. मासा उथळ पाण्यात, जागा न सोडणारा, भीती वाटली की अर्चिनमध्ये शिरणारा. दोन माणसे गळाभर पाण्यात उभी राहून जाळे लावतात, काठीने अर्चिन हलवतात, मासे बाहेर येतात आणि जाळ्यात जातात. सायनाइडसारखे विष लागत नाही, प्रवाळ मोडत नाही. म्हणून सुरुवातीला सगळे म्हणत की हा धंदा निरुपद्रवी आहे. २००३ मध्ये कोल्म आणि त्यांचे सहकारी बर्गलुंड यांनी जास्त पकड असलेल्या आणि कमी पकड असलेल्या जागा मोजून तुलना केली, तेव्हा उत्तर वेगळे आले. जिथे जाळी फिरत होती तिथे मासे स्पष्टपणे विरळ झालेले होते. जाळे स्वच्छ असले म्हणून पकड बेसुमार नसते असे नाही.

पैसा कुणाला मिळाला, हेही विचारले पाहिजे. मासे धरणाऱ्याच्या हातात एका माशामागे काही सेंट पडत, म्हणजे त्या वेळच्या आपल्या हिशोबाने जेमतेम एक-दोन रुपये. तोच मासा बाली किंवा जकार्तामार्गे अमेरिकेच्या दुकानात पोहोचला की वीस-पंचवीस डॉलरला विकला जाई. वाटेत पिंजऱ्यात, पिशव्यांत, विमानात कितीतरी मरत. २००९ मध्ये संशोधकांना आयात केलेल्या माशांमध्ये एक घातक विषाणू आढळला. दुकानात आल्यावर चार-आठ दिवसांत मासे का मरतात याचे एक कारण तेव्हा समजले. मरणारे मासे धरूनच भाव ठरत असे, म्हणजे मरणाचा भार पुन्हा बांगाईच्या खाडीवरच.

बेटावरची माणसे

बांगाईच्या लोकांना यात गुन्हेगार ठरवणे मला पटत नाही. बांगाईचे राज्य एके काळी टर्नेटच्या सुलतानांच्या अमलाखाली होते. बांगाई बेटावर मुसलमानांची वस्ती मोठी आहे. किनाऱ्यालगत बाजो लोकांची गावे आहेत. हे बाजो म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर राहत आलेली मुसलमान जमात. घरे पाण्यात खांबांवर उभी, लेकरे चालायच्या आधी पोहायला शिकतात म्हणावे अशी. शेती थोडी, कारखाने नाहीत. नारळ, मासे, समुद्री शेवाळाची लागवड, यांवर घर चालते. मुलाची फी भरायची आहे, आजारी आईला बोटीने दवाखान्यात न्यायचे आहे, आणि दाराशी व्यापारी येऊन सांगतो आहे की त्या बिनकामाच्या बेबेसेला पैसे मिळतात. आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते?

या मुलखात अंड्यांशी जोडलेली एक जुनी रीत आहे, ती इथे सांगावीशी वाटते. समोरच्या सुलावेसीच्या किनाऱ्यावरच्या बाटुई गावातून दरवर्षी मालेओ नावाच्या पक्ष्याची हंगामातली पहिली अंडी वाजतगाजत बोटीने बांगाईच्या राजघराण्याकडे पाठवली जातात. या विधीला तुंपे म्हणतात. मालेओ सुलावेसीच्या मुलखातलाच पक्षी. तो आपले भलेमोठे अंडे गरम वाळूत पुरतो आणि निघून जातो. पिल्लू स्वतःच वाळू उकरून वर येते आणि त्याच दिवशी उडू लागते. आईबाप त्याला दिसतही नाहीत. एकाच मुलखातले हे दोन जीव: एक मूल वाळूत पुरून जाणारा, दुसरा महिनाभर तोंडात धरणारा. आणि दोघांचीही आज सारखीच तारांबळ आहे, कारण मालेओची अंडीही आता मिळेनाशी झाली आहेत.

माशाच्या बाबतीत तर जाळे हे एकच संकट नाही. गेल्या काही वर्षांत सी अर्चिन आणि समुद्रफुलेही मोठ्या प्रमाणात उचलली जाऊ लागली. काही लोक अर्चिन खातात, शिवाय पिंजऱ्यात वाढवलेल्या मोठ्या माशांना चारा म्हणून ती फोडून घालतात. सुलावेसीतल्या पालू येथील संशोधकांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे की अर्चिन गेले की बेबेसेची पिल्ले वाचत नाहीत, मग एकही मासा पकडला नाही तरी. मासा वाचवायचा तर त्याचे काटेरी घर आधी वाचवावे लागते. त्यात सुरुंग लावून मासेमारी करण्याची जुनी खोड, तापणारे पाणी आणि पांढरे पडणारे प्रवाळ यांची भर.

कागदावरची लढाई

२००७ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, या माशाला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. त्याच वर्षी हेग शहरात साइट्स कराराची परिषद भरली. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावर लगाम घालणारा हा करार. अमेरिकेने बांगाईच्या माशासाठी तशी मागणी केली. इंडोनेशियाने विरोध केला. आमच्या मच्छीमारांची भाकर जाईल, आम्हीच बंदोबस्त करतो, असे सांगितले. मागणी मागे घेतली गेली. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला युरोपीय संघाने तीच मागणी पुन्हा मांडली आणि पुन्हा मागे घेतली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने आपल्या देशातल्या कायद्याखाली या माशाची नोंद केली.

एवढे खरे की इंडोनेशियाने पुढे पावले उचलली. २०१८ मध्ये बांगाई द्वीपसमूहात या माशाला मर्यादित संरक्षण मिळाले: फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत पकड बंद. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवतात, तोच विचार. २०२१ मध्ये तर सरकारने याला देशाचा मानाचा समुद्री शोभेचा मासा म्हणून जाहीर केले. बांगाई बेटावरच्या बोने बारू गावात एके काळी हेच मासे पकडून विकणारे लोक आज गट करून आपल्या किनाऱ्याची राखण करतात. मला या सगळ्यांत हेच जास्त भरवशाचे वाटते. जोहान्सबर्गपासून बांगाई फार लांब आहे.

मधल्या काळात एक विचित्र गोष्ट झाली. जो मासा स्वतःहून एक खाडी ओलांडू शकत नव्हता, तो व्यापाऱ्यांच्या बोटीतून शेकडो किलोमीटर गेला. वाटेत जिथे मासे सोडले गेले किंवा निसटले तिथे त्यांनी वस्ती केली. सुलावेसीच्या उत्तर टोकाला लेंबेहच्या सामुद्रधुनीत २००० च्या सुमारास तो आला आणि आज तिथे भरपूर आहे; बालीतही आहे. यावरून कुणी म्हणेल, मग चिंता कशाची? पण ही सगळी वस्ती व्यापारातून गेलेल्या माशांची, वंशाने मिसळलेली. बांगाईच्या प्रत्येक खाडीतला वेगळा वंश तिथे मिळणार नाही. शिवाय लेंबेहच्या मूळच्या माशांवर या पाहुण्यांचा भार पडतो, तो निराळाच.

घरातली काचपेटी

आता आपल्या घराकडे येऊ. मुंबईत काय, पुण्यात काय, मुलांनी हट्ट धरला की घरात काचपेटी येते. बहुतेक घरांत ती गोड्या पाण्याची असते आणि तेच ठीक आहे. खाऱ्या पाण्याची पेटी हे काम खर्चाचे आणि चिकाटीचे. मीठ, तापमान, पाण्याची तपासणी, यांत एक चूक झाली तरी सकाळी सगळे मासे उलटे तरंगताना दिसतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. पण ज्यांच्याकडे ती आहे आणि ज्यांना हा तीन पट्ट्यांचा मासा आवडला आहे, त्यांनी विकत घेताना एकच प्रश्न विचारावा: हा मासा समुद्रातून पकडलेला की हॅचरीत जन्मलेला?

हा प्रश्न विचारता येतो, हीच या माशाची खुबी. समुद्री शोभेचे बहुतेक मासे पेटीत वाढवता येत नाहीत, कारण त्यांची ती वाहती, सुईच्या टोकाएवढी पिल्ले काय खातात आणि कशी जगतात हे जमवणे महाकठीण. बांगाईचे पिल्लू मात्र तयार होऊनच बाहेर येते आणि नुकतेच फुटलेले आर्टेमिया, म्हणजे मत्स्यालयवाल्यांकडे मिळणारे बारीक झिंग्यांसारखे जीव, पहिल्या दिवसापासून खाते. ज्या बापाच्या काळजीमुळे हा मासा बांगाईत अडकून पडला, त्याच काळजीमुळे तो घरात वाढवणे सोपे आहे. वाजेली यांनी न्यू जर्सीच्या मत्स्यालयात १९९० च्या दशकातच त्याची पैदास करून दाखवली. पुढे थायलंडमध्ये आणि फ्लोरिडात हॅचरीतून हे मासे मोठ्या संख्येने निघू लागले. ते थोडे महाग पडतात, पण विमानाच्या धक्क्याने मरत नाहीत आणि सुके खाद्यही खातात.

यात एक खरीखुरी अडचण आहे, ती लपवणार नाही. थायलंडच्या हॅचरीतला मासा घेतला की पैसा थायलंडला जातो. बोने बारूच्या माणसाला काय मिळाले? ज्याच्या अंगणातून मासा निघाला त्याच्या हाती शून्य. पैदास बांगाईतच, गावातल्या लोकांच्या हाताने झाली तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातील, पण त्यासाठी वीज लागते, बाजारापर्यंत बोट लागते, आणि विकत घेणारा थांबायला तयार लागतो. हे अशक्य नाही. आपल्याच देशात लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्थानिक बायकांना हे काम शिकवले. हॅचरीत जन्मलेली शोभेची कोळंबी आणि क्लाउन मासे त्या घराजवळच्या टाक्यांत वाढवतात आणि विकतात. लक्षद्वीपची वस्तीही जवळजवळ सगळी मुसलमान, बेटेही तशीच प्रवाळाची. समुद्रातून उचलायचे नाही आणि तरी समुद्राच्याच ज्ञानावर घर चालवायचे, हे त्या बायकांना जमले आहे.

ज्यांच्या पेटीत आधीच बांगाईची जोडी आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडे. चार-पाच मासे एकत्र ठेवले तर जोडी जमताच ती दोघे बाकीच्यांना जगू देत नाहीत, म्हणून जोडी ओळखून इतरांना वेगळे करावे. नराचा गाल फुगलेला दिसला आणि तो खाद्याकडे येईनासा झाला की समजावे, तोंड भरले आहे. अशा वेळी पेटीत हात घालू नये, जाळे तर मुळीच नाही. घाबरला की तो अंडी टाकून देतो किंवा गिळतो. दिवा एकदम लावू-विझवू नये. दिवस मोजत राहावे आणि विसाव्या दिवसानंतर पिल्लांच्या खाण्याची तयारी ठेवावी. आणि अर्चिन? खरा अर्चिन सांभाळणे अवघड, म्हणून पैदास करणाऱ्यांनी एक साधी युक्ती काढली आहे. वायरी बांधायच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या घ्यायच्या, त्या एका चेंडूत चहूबाजूंनी खोचायच्या आणि तो काटेरी गोळा पेटीच्या तळाशी ठेवायचा. बापाच्या तोंडातून सुटलेली पिल्ले सरळ त्यात जाऊन बसतात.